कोरा परकर

माझ्या मांड्या लहानपणापासून एकमेकींना सोडून राहत नाहीत. बारीक बायकांना हे कळायचं नाही. त्यांच्या दोन पायांमधून वारा जातो, आमच्यासारखीच्या पायांत उन्हाळाभर नुसती भांडणं चालतात. जरा जास्त चाललं, घाम आला, की कातडीला कातडी घासते. आधी चुरचुरतं, मग लालबुंद होतं, मग सालटं निघतात आणि बाई पाय फाकवून चालायला लागते. तिला कुणी विचारलं, काय झालं गं, तर ती म्हणते, गुडघा धरलाय. आमच्या पाटोद्यात निम्म्या बायकांचे गुडघे असेच धरलेले असतात.

हे मी खात्रीनं सांगते, कारण मी परकर शिवते. बाजाराकडं जाणाऱ्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत माझी मशीन आहे. ब्लाउज, फॉल, पिको आणि परकर. मापं द्यायला आलेल्या बायका माझ्यापाशी काय काय बोलून जातात. सासूचं बोलतात, सुनेचं बोलतात, नवऱ्याचं तर विचारूच नका. पण मांड्या लागतात हे आजवर एकीनंही सांगितलेलं नाही. मला ते दुरुस्तीला आलेल्या परकरावरून कळतं. आतल्या बाजूनं, गुडघ्याच्या वर, एकाच जागी कापड विरलेलं असतं. मी तिथं जुन्या मलमलीचा मऊ तुकडा आतून लावून देते. तीही काही बोलत नाही, मीही बोलत नाही.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावून सांगते. परकराचं कापड आधी दोनदा धुऊन आणा, त्यातली खळ निघू द्या, शिवल्यावर पुन्हा एकदा धुवा, मगच अंगाला लावा. कोरं कापड दिसायला कडक छान दिसतं, पण ते कातडीला खातं. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. आता पुढं जे झालं ते ऐका.

मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात मालकांच्या छातीत कळ आली. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मालकी नेमकी कशाची, ते विचारू नये. वैरण टाकून आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, घाम कावून येतोय थंडीचा. जीपमध्ये घालून बीडला नेलं. तिथून मोठ्या दवाखान्यात, संभाजीनगरला. डॉक्टरांनी रक्ताच्या नळीत स्प्रिंग बसवायची म्हणून त्यांना आत नेलं आणि मी बाहेर फरशीवर बसून राहिले.

मी फार देवदेव करणारी बाई नाही. सकाळी दिवा लावते, हात जोडते, मशीनवर बसते. पण त्या फरशीवर मला माझ्या माहेरची देवी आठवली, अंबाजोगाईची योगेश्वरी. मी तिला म्हणाले, ह्यांना चालत घरी ने, मी चालत तुझ्याकडं येते. मोठ्यानं नाही म्हणाले. शेजारी एक माणूस मोबाइलवर भाव विचारत होता, त्याला ऐकूही गेलं नसेल.

देवीनं तिचं काम केलं. मालक घरी आले. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली, तिथून दारापर्यंत हळूहळू का होईना, स्वतःच्या पायांनी आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सपाटीवर थोडं चालायचं, ओझं उचलायचं नाही, उन्हातान्हात दमायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. मी नवसाचं सांगितलं तेव्हा ते गोळीच घेत होते.

"मला इचारलं व्हतं का?" ते म्हणाले.

"तुमी आत व्हते, नळ्या लावून. कसं इचारू?"

"तुझं वजन बघ, आन अंबाजोगाई बघ. देवीला तरी इचारायचं, झेपंल का म्हणून."

पहिलं नवरात्र तसंच गेलं, त्यांना सोडून जायचा धीर झाला नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, नवस अंगावर वागवू नये, आमी गल्लीतल्या बायका पायी निघालोत, तू बी चल. जाऊबाई म्हणजे आमच्या घरातलं पोलीस ठाणं. त्यांनी नियम सांगितले. वाटेत कुणी गाडी थांबवली तरी बसायचं नाही. गाडीला पाय लावला की नवस मोडला. आणि निघायच्या दिवशी अंगावर सगळं कोरं पाहिजे. साडी कोरी, ब्लाउज कोरा, परकर कोरा. पाण्यात घातलेलं देवीला चालत नाही.

मी म्हणाले, "परकर तेवढा एकदा धुऊन घेते."

"धुतला की जुना झाला," जाऊबाई म्हणाल्या. "मग घरचाच घाल की. देवीचं नाव कशाला घेतीस?"

एरवी मी जाऊबाईंचं ऐकलंय असं क्वचितच होतं. पण हा नवस साड्यांचा नव्हता, मालकांच्या जिवाचा होता. परकर धुतला आणि उद्या ह्यांना काही झालं, तर जन्मभर तो परकर माझ्या डोळ्यांपुढून हलला नसता. माझा विश्वास होता का, तर नव्हता. भीती होती. विश्वासाशी हुज्जत घालता येते, भीतीशी येत नाही. मी दुकानातून कोरं कापड आणलं आणि तसंच, खळीसकट, मशीनखाली घातलं. सुई टचटच आवाज करत होती, एवढं ते कडक होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारची सून आली. तीही आमच्यात होती. लग्नाआधी ही पोलीस भरतीसाठी रोज पळायची. भरती झाली नाही, पण पळण्याचं तिला सगळं कळतं. तिनं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, राग मानू नका. तुमच्या मांड्या लागतील. माझ्या बी लागायच्या, लई लागायच्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते वाक्य माझ्या खोलीत उच्चारलं होतं. मला एकदम हसू आलं आणि बरंही वाटलं. तिनं मग सगळं सांगितलं. ओठ फुटले की लावतात ती जेली निघायच्या आधीच लावायची, लागल्यावर नाही; आणि बोटावर घेऊन नाही, चांगली थापून. आतून घट्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालायची, म्हणजे कातडी कातडीला भेटत नाही. घामानं भिजलेलं अंगावर वाळू द्यायचं नाही. आणि पावडर अजिबात लावायची नाही. पावडर घामात भिजते, तिचे गोळे होतात आणि मग ते वाळूसारखे घासतात. ती स्वतःची एक चड्डी घेऊन आली होती. मी ती हातात धरून बघितली. त्यात माझा फार तर एक दंड बसला असता. जेलीची डबी तिनं ठेवली तर मी म्हणाले, राहू दे बाई, मी आपली पावडर घेते, मला सवय आहे.

अष्टमीच्या आधी पोचायचं म्हणून आम्ही पहाटे निघालो. मांजरसुंब्याच्या रस्त्याला दोन्हीकडं सोयाबीन काढायला आलं होतं. काही रानांत काढून ढीग घातले होते, त्यांवर कागद झाकले होते. बायका गाणी म्हणत होत्या. नऊ वाजेपर्यंत मीही म्हणत होते. मग ऑक्टोबरचं ऊन वर आलं, आणि माझा आवाज गाण्यातून आपोआप कमी झाला.

आधी कमरेला सुरू झालं. कोऱ्या परकराची कोरी नाडी. ती घामानं आवळली आणि तिनं कमरेभोवती काच पाडला. मग खाली. कडक कापड पायांमध्ये गोळा व्हायचं, मी चालता चालता ते सोडवायची, ते पुन्हा गोळा व्हायचं. एका झाडाआड जाऊन मी पावडरचा निम्मा डबा रिकामा केला. थोडा वेळ स्वर्ग. मग त्या पोरीनं सांगितलं होतं तेच झालं, अगदी शब्दाला शब्द. पावडरीचा चिखल झाला, चिखलाची वाळू झाली, आणि प्रत्येक पावलाला कुणीतरी आतून किसणी फिरवतंय असं वाटायला लागलं.

मांजरसुंब्याला मुक्कामाच्या ठिकाणी पोचलो तेव्हा मी भिंतीला धरून बसले. मालकांचा फोन आला.

"कसं हाय?"

"लई छान," मी म्हणाले. "गोळी घेतली का?"

"घेतली. गुडघे?"

"गुडघ्याला काय झालंय?"

"न्हाई, समद्या बायकांचे दुखतेत म्हणून इचारलं."

सकाळी परकर जखमेला चिकटला होता. तो सोडवताना डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या सुनेनं ते बघितलं. तिनं जेली लावायला दिली, पण उघड्या मांसावर ती नुसती पसरली. मग तिनं बाजूला जाऊन आपल्या नवऱ्याला फोन केला. मला वाटलं, लेकराची चौकशी करत असेल. तिच्या नवऱ्यानं ती गोष्ट आमच्या शेतात जाऊन मालकांना सांगितली. म्हणजे मी मांजरसुंबा सोडायच्या आत माझ्या मांड्यांची बातमी पाटोद्याला पोचली होती.

त्या दिवशी मी सगळ्यांच्या मागं पडले. पाय फाकवून, डुलत डुलत. एक एसटी शेजारून गेली, तिच्यात रिकाम्या जागा दिसत होत्या. मला त्या गाडीत बसायची एवढी इच्छा झाली की मी मान दुसरीकडं वळवली. आणि चालता चालता मी देवीशी भांडत होते. म्हटलं, मी चालत येते म्हणाले होते, सोलून येते म्हणाले नव्हते. पण लगेच जीभ चावली. म्हटलं, न्हाई गं बाई, माझं बोलणं मनावर घेऊ नको, ह्यांना सांभाळ.

नेकनूरच्या अलीकडं एका चहाच्या हॉटेलपुढं आमची मोटारसायकल उभी दिसली. मी तिला लांबूनच ओळखलं, सीटचं कव्हर मीच शिवलेलं आहे. मालक बाकड्यावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी.

"तुमी कावून आलाव?" मी म्हणाले. "डाक्टरनं काय सांगितलंय? आन सोयाबीनचा ढीग?"

"ढीग कुठं चालत जातोय," ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता पिशवी पुढं केली.

पिशवीत एक स्टीलची डबी होती, हळद कालवलेल्या तुपाची. आणि खाली, नीट घड्या घातलेल्या, त्यांच्या दोन चड्ड्या. पट्ट्यापट्ट्याच्या, गुडघ्यापर्यंतच्या, नाडीच्या. मीच शिवलेल्या, आणि वर्षानुवर्षं दगडावर मीच आपटलेल्या. त्या चड्ड्यांना मी धुताना किती शिव्या दिल्या असतील. आता टाकून द्या म्हटलं की म्हणायचे, आत्ता कुठं मऊ झाल्यात.

मी पिशवी बंद केली. हॉटेलवाला बघत होता.

"देवीला चाललेय मी," मी दबक्या आवाजात म्हणाले. "तुमची चड्डी घालून जाऊ?"

"देवी काय लुगडं वर करून बघनार हाय?"

"जाऊबाई बघतील."

"वहिनीला सांग, मी दिलीय. बैलाचा खांदा सुजून आला तर आपण त्याला जुवातनं सोडतो का न्हाई? लोणी लावतो, मऊ चिंधी बांधतो. तू तर माणूस हायेस." एवढं बोलून त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या अंगाबद्दल ते एवढं एकत्र कधी बोलले नव्हते. बशीआड त्यांचे कान लाल झाले होते.

शेजारच्या सुनेनं जवळच्या एका घरात विचारून न्हाणीघर मिळवलं. तिनं मला घाई करू दिली नाही. आधी नुसत्या पाण्यानं घामाचं मीठ धुवायला लावलं, मग पुसायचं नाही, टिपायचं. मग थोडा वेळ तसंच उभं राहून वारा लागू द्यायचा. मग तूप. हळद अशी झोंबली की मी भिंतीवर हात आपटला. अजून मालक म्हणतात, तूप चांगलं होतं, हळद जरा हाताबाहेर गेली. झोंबणं ओसरल्यावर मी ती चड्डी चढवली. सैल होती, मऊ होती, आणि तिला आमच्या घरच्या साबणाचा वास होता. त्या परक्या न्हाणीघरात मला उगीचच रडू आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

बाहेर येऊन चार पावलं चालले. कापड कापडाला भेटत होतं, मी मधून मोकळी होते. चालण्यात दुखणं होतं, पण आता ते माझ्या ऐकण्यातलं दुखणं होतं.

जाऊबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून माझी वाट बघत होत्या. त्यांनी माझी बदललेली चाल बघितली आणि काय केलं म्हणून विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं, म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.  त्या समोरच्या बाभळीकडं बघत राहिल्या. मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाल्या, "दुसरी हाय का?"

धाकट्या दिराची चड्डी घालून आमच्या जाऊबाई नेकनूरच्या पुढं अशा चालल्या, की शेजारच्या सुनेला त्यांच्याबरोबर राहायला जवळजवळ पळावं लागलं. कुणाला सांगू नको, असं त्यांनी मला बजावलं होतं. कोरा परकर मात्र दोघींनीही वरून तसाच ठेवला. नियम तो नियम.

हे सगळं सोपं झालं, आणि मग खरी अडचण सुरू झाली. मालक परत जाईनात.

आधी म्हणाले, पुढच्या फाट्यापर्यंत बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, केजला एकाला भेटायचंय. केजच्या मुक्कामाला ते कुणा ओळखीच्याकडं राहिले आणि सकाळी पुन्हा हजर. गाडी पुढं नेऊन झाडाखाली थांबायचे, मी पोचले की पाण्याची बाटली द्यायचे, पुन्हा पुढं. मी रोज एक नवी शिवी देत होते, ते रोज एक नवं कारण देत होते. खरं सांगायचं तर प्रत्येक वळणावर मी आधी ती गाडी शोधायची. बायका हसायच्या, म्हणायच्या, नवस हिचा आहे का ह्या दोघांचा.

शेवटच्या दिवशी ऊन फार होतं. अंबाजोगाई जवळ आल्यामुळं बायकांना जोर चढला होता, त्या पुढं निघून गेल्या. मी माझ्या चालीनं चालत होते. मालक झाडाखाली थांबले होते, पण ह्या वेळी मी जवळ आल्यावर त्यांनी गाडी सुरू केली नाही. हँडल धरून ते माझ्या शेजारून चालायला लागले.

"बसा की गाडीवर," मी म्हणाले.

"तू चालायचं आन मी बसायचं? तीन दिवस झाले, मला बघवत न्हाई."

"डाक्टरनं सांगितलंय."

"सपाटीवर चाला म्हणलाय. हे सपाटीच हाय."

सपाटी संपली. एक लांबलचक चढ लागला, सावली नावाला नाही. मी त्यांच्याकडं तिरकं बघत होते. आधी त्यांचं बोलणं थांबलं. मग ते गाडी स्टँडवर लावून चपलेतला खडा काढायला लागले. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा खडा. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या पायाकडं बघितलंच नाही, तोंडाकडं बघितलं. ओठ पांढरे पडले होते. सदरा पाठीला चिकटला होता. आणि ते माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न करत होते.

 ज्यांच्या जिवासाठी मी मांड्यांची सालटं काढून घेतली, ते माझ्या शेजारी, माझ्यापायी, तोच जीव ह्या चढावर घालवत होते. मी चालत राहिले तर तेही चालणार होते. ते हट्टाला माझ्याहून पक्के आहेत, मला माहीत होतं. आणि मी गाडीवर बसले तर नवस मोडणार होता, आणि नवस मोडला तर माझं काय जाऊ शकतं ते मला संभाजीनगरच्या फरशीवर कळून चुकलं होतं. दोन्ही बाजूंनी तेच माणूस जात होतं. एवढं लांब चालत येऊन मला कुठं उभं राहावं ते कळेना.

"बसा," मी म्हणाले. "हात जोडते."

"तू बसली तर बसतो."

"नवस मोडंल."

त्यांनी दम घेतला. "कुनासाठी बोललतीस?"

"तुमच्यासाठी."

"मग माझाच झाला ना. मी म्हणतो, फिटला. बस."

मी लांब वर बघितलं. बायका चढाच्या टोकाला पोचल्या होत्या. मी साडीचा घोळ आवरला आणि त्यांच्या मागं बसले.  त्यांनी थोडा वेळ गाडी सुरू केली नाही, नुसते बसून राहिले, श्वास जागेवर येईपर्यंत. मी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला. ओल्या सदऱ्याखाली काळीज धडाधडा उडत होतं. मग हळूहळू त्याची चाल शांत झाली. मी हात काढला नाही.

आम्ही बायकांच्या शेजारून गेलो. जाऊबाईंनी बघितलं. मला वाटलं, आता त्या सगळ्यांसमोर काही बोलतील, आणि त्यांनी बोलावं अशी माझीही तयारी होती. त्यांनी मालकांच्या तोंडाकडं बघितलं आणि हातानंच खूण केली, जा, जा.

गावात शिरल्यावर मी त्यांना आधी सावलीत बसवलं, लिंबूपाणी पाजलं, ओठांना रंग येईपर्यंत समोरून हलले नाही. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाले, आधी देवी, मग तू म्हणशील तिथं. तेवढं मात्र त्यांनी पाळलं. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ठीक आहे, पण असला शहाणपणा पुन्हा नको.

देवळात नवरात्राची गर्दी होती. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये लोखंडी दांडा. रांगेत मी माफीचे शब्द जुळवत होते. लहानपणी माझ्या आईनं शिकवलं होतं तसं, देवीशी कसं बोलायचं ते. पण गाभाऱ्यासमोर आले, मागून रेटा आला, आणि जुळवलेलं सगळं विसरलं. मी एवढंच म्हणाले, "आई, चालत न्हाई आले. पण ह्यांना घेऊन आले."

पलीकडच्या रांगेत मालक हात जोडून, डोळे मिटून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. देवापुढं त्यांना असं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. घरच्या देव्हाऱ्यासमोर ते चष्मा शोधायला तेवढे जातात.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. "काय मागितलं?"

"मागितलं काय न्हाई," ते म्हणाले. "तिला खरं ते सांगितलं. म्हणलं, हिला गाडीवर मीच बसवलंय. हिचा काय दोष न्हाई. राग धरायचा तर माझ्यावर धर."

 देवीनं ज्यांच्यावर राग धरू नये म्हणून मी घरून निघाले होते, त्यांनी स्वतः जाऊन तिला आपला पत्ता दिला होता. माझा असा संताप झाला की तोंडातून शब्द फुटेना. सकाळी घराकडं निघालो तेव्हाही मी बोलले नाही. केज आलं, नेकनूर आलं, मांजरसुंबा आलं. ते अधूनमधून मान वळवून विचारायचे, मांड्या कशा हायेत, दुखतेत का. मी उत्तर दिलं नाही. पाटोद्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि त्यांच्या पोटाभोवती घातलेला हात एकदाही सोडला नाही.